अक्षरे अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



पहिली-दुसरीच्या पालकसभेत एक काळजी दरवर्षी ऐकू येते. शेजारची मुले धडाधडा वाचतात आणि आपला मुलगा मात्र अजून काना-मात्रेपाशी अडखळतो. काही पालक हे सांगताना मुलाला शेजारीच उभे करतात. ते मूल खाली मान घालून बुटाने फरशी घासत असते. आपण ढ आहोत, हे वाचता येण्याच्या आधीच ते ऐकायला शिकलेले असते.

आपल्या नारायणगुड्यातल्या मुलांपुढचे काम तसे सोपे नाही. घरात मराठी, खाली खेळायला गेले की हिंदी, तीही 'हौ' आणि 'नक्को'वाली, दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी. पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर तीन लिप्या एकदमच येऊन उभ्या राहतात. अशा मुलांच्या बाजूने ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्या ताराबाई मोडक यांची ओळख या अंकात करून घेऊ या. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यामागे ताराबाईंचे काम आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सुधारक घर आणि पहिला धक्का

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर घराण्यात झाला. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींनी शिकावे की नाही हा वाद जेव्हा घरोघर चालू होता, तेव्हा या घरात तो प्रश्नच नव्हता. बालपणाची काही वर्षे इंदूरला गेली. म्हणजे आपल्यासारखाच, महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणाऱ्या घराचा अनुभव त्यांनाही होता. पुढे मुंबईत शिक्षण झाले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. आज वाचताना ही एक ओळ वाटते. त्या काळात नवऱ्यापासून वेगळे राहणाऱ्या बाईला नातेवाईकांपासून घरमालकापर्यंत सगळ्यांच्या नजरा सोसाव्या लागत. नाटककार रत्नाकर मतकरी यांचे 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्याच जीवनावर आधारलेले आहे.

पोटासाठी नोकरी हवी होती आणि ती चांगली मिळाली. राजकोटच्या बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता, राहायला जागा होती. इथे स्वस्थ बसल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती.

भावनगरचे बालमंदिर

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरला त्याच सुमारास एक वेगळीच शाळा चालू होती. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे लेखन पडले. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, आणि झुपकेदार मिशांचे गिजुभाई मुलांच्या घोळक्यात बसून गोष्टी सांगत आहेत, असे तिथले दृश्य असे. गुजरातेत त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले होते.

१९२३ मध्ये ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. मोठ्या मुलींना अध्यापन शिकवणाऱ्या प्राचार्य आता तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसल्या. तिथे त्या जवळजवळ नऊ वर्षे राहिल्या. गुजराती ही त्यांची दुसरी भाषाच झाली. गिजुभाईंबरोबर त्यांनी मुलांसाठी आणि पालकांसाठी अनेक पुस्तिका तयार केल्या, मासिक चालवले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

वाचनाविषयीची ताराबाईंची दृष्टी घडली ती इथे, म्हणून इथे थोडे थांबू या.

आधी कान, मग बोट, मग डोळा

आपल्याकडे अक्षरओळख म्हणजे पाटी, पेन्सिल आणि मुळाक्षरांचा तक्ता. माँटेसरी पद्धतीत तक्ता बराच उशिरा येतो. पहिले काम कानाचे. गोष्टी ऐकायच्या, गाणी म्हणायची, मग आवाजांचा खेळ खेळायचा. 'म'ने सुरू होणारी खोलीतली वस्तू कोणती? माठ, मोरी, मांजर. यात एकही अक्षर लिहिलेले नसते, पण शब्द हा लहान लहान आवाजांचा बनलेला असतो ही मोठी गोष्ट मुलाच्या ध्यानात येते. हे ज्याच्या ध्यानात आले नाही, त्याच्यासाठी तक्त्यावरचे अक्षर म्हणजे नुसती नक्षी.

दुसरे काम बोटाचे. घासकागदाची अक्षरे कापून ती पाटीवर चिकटवलेली असतात. मुलाने पहिली दोन बोटे त्यावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि त्याच वेळी आवाज उच्चारायचा. असे केल्याने डोळा, कान आणि हात तिघेही एकच गोष्ट एकाच वेळी शिकतात. एका वेळी दोन-तीनच अक्षरे. आधी शिक्षिका अक्षर दाखवून आवाज सांगते. मग ती आवाज सांगते आणि मूल अक्षर शोधून देते. ते जमले की अक्षर दाखवून आवाज विचारते. मधली पायरी चुकली तर रागवायचे नाही, पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे.

आपल्याला हे परके वाटू नये. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे काढत. आपल्या तेलंगणात बासरच्या सरस्वतीपुढे आजही अक्षराभ्यास होतो. मुलाचा हात धरून बोटाने तांदळात पहिले अक्षर काढून घेतात आणि नांदेडकडची मराठी घरेही त्यासाठी तिथे जातात. बोटाने अक्षर शिकण्याची रीत आपल्याकडे होतीच. फरक एवढाच, की आपण ती एका मंगल दिवसापुरती ठेवली आणि माँटेसरीबाईंनी ती रोजची केली.

तिसरे काम डोळ्याचे. सुटी अक्षरे पेटीत ठेवलेली असतात. मूल ती उचलून शब्द मांडते. हात अजून नीट लिहीत नसला तरी शब्द जुळवता येतो. त्यामुळे मूल वाचण्याच्या आधी 'लिहू' लागते आणि आपण मांडलेले स्वतःच वाचून पाहते.

मराठीत ही पद्धत वापरताना काही गोष्टी आपल्या फायद्याच्या आहेत. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. मराठीत 'म'चे नाव तेच आवाज. पण आपल्या लिपीचे स्वतःचे खाचखळगे आहेत, आणि अडखळणारी मुले नेमकी तिथेच पडतात. 'क कमळाचा, म मगरीचा' असे पाठ केलेले मूल 'कम' हा शब्द पाहून कमळ आणि मगर यांच्यामध्ये हरवते. प्रत्येक अक्षर सुटे सुटे म्हणणारे मूल 'घर' हा शब्द 'घ-र' असा वाचते. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण बोलताना गाळतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते पण उच्चारताना नंतर येते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत एका रेघेचा फरक. 'रवा' हा शब्द जरा जवळजवळ लिहिला तर 'खा' वाचला जातो. अशा ठिकाणी चुकणारे मूल आळशी नसते. ते जे दिसते ते प्रामाणिकपणे वाचत असते. त्याला आणखी दहा वेळा तोच धडा लिहायला लावून उपयोग नाही. कुठला आवाज किंवा कुठली रेघ निसटते आहे ते शोधायला हवे.

भावनगरला ताराबाईंनी हीच सवय अंगी बाणवली. मूल अडले की आधी मुलाकडे नीट पाहायचे, आणि मग शिकवणे बदलायचे.

दादरहून बोर्डीला

१९३२ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या. १९३३ पासून त्यांनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली, आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे सुरू झाले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. आता हा सगळा भार ताराबाईंवर आला.

शिशुविहार नावाजले होते. पण तिथे येणारी मुले सुशिक्षित घरांतली होती. घरी पुस्तके होती, गोष्ट सांगणारी आजी होती. माँटेसरीची साधनेही महाग. ज्यांच्या घरी छापलेला कागद कधी आलाच नाही त्यांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. खुद्द माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या गरीब कामगारवस्तीत सुरू केले होते. आपल्याकडे येता येता ही पद्धत शहरातल्या पैसेवाल्यांची झाली होती.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव. वय त्रेपन्न. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिका, ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. या दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

परिसर वारली आदिवासींचा. हे वर्षही साधे नव्हते. याच डहाणू-तलासरी-उंबरगाव भागात १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला होता. ज्यांच्या आईबापांना जमीनदाराकडे वेठीला जावे लागे, त्या घरांतल्या मुलांसाठी ही बालवाडी होती.

मूल येत नाही, तर शाळा जाईल

बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले येईनात. कारणे शोधली तर ती साधी होती. आई मजुरीला गेली की मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड. मुलगा जरा मोठा झाला की गुरांमागे. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही. शाळेची घंटा यांतले काहीच बदलू शकत नव्हती.

तेव्हा शाळाच पाड्यावर गेली. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, तोंडे धुवायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, गारगोट्या, पाने, पिसे आणि माती आली. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, सारखे-वेगळे हे ओळखायला परदेशी लाकडी ठोकळेच लागतात असे नाही. आणि ज्याला दोन शिंपल्यांतला बारीक फरक दिसतो, त्याला उद्या घ आणि ध यांतला फरक दिसतो.

भाषेचा प्रश्न तर आपल्या अगदी जवळचा आहे. वारली बोली आणि पुस्तकातली मराठी यांत बरेच अंतर. मुलाने कधी ऐकलाच नाही असा शब्द त्याला वाचायला दिला, तर अक्षरे जुळली तरी अर्थ जुळत नाही, आणि अर्थ नसेल तर वाचन म्हणजे ओझे. म्हणून सुरुवात मुलाच्या बोलीतून, त्याच्या भोवतालच्या झाडापानांपासून, त्याला ठाऊक असलेल्या गाण्यांपासून. आपल्या आजोबांच्या पिढीला हे वेगळे समजावायला नको. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि वरच्या शिक्षणासाठी मराठी मुलांना उर्दूवाचून गत्यंतर राहिले नाही. घरच्या भाषेत अक्षर भेटावे ही ओढ इथे किती जुनी आहे, हे १९०७ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थेकडे पाहिले तरी कळते.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असलेली विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर कशाला? तर धाकट्याला तिथे ठेवले की मोठी बहीण शाळेत बसू शकेल म्हणून. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि तिथेच झाडाखाली शिकणे चालू आहे. दर वेळी अडचण दिसली की ताराबाई शाळेला एक पायरी खाली उतरवत गेल्या. दादरहून गावात, गावातून पाड्यावर, पाड्यावरून कुरणात.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. मुले मध्येच शाळा सोडत, पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत, पैशांची चणचण तर कायमची. शहरात गाजलेली प्राचार्य रानात जाऊन मुलांची नाके पुसते, याचे अनेकांना कोडे पडे. ताराबाईंचा स्वभावही शिस्तीचा, कामात कसूर चालत नसे. पण ही कडक शिस्त मोठ्यांसाठी होती.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःच्या अखेरपर्यंत पुढे नेले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या पाटीवर हाच शब्द तेलुगू लिपीत लिहिलेला दिसतो. पुढच्या वेळी तिकडून जाताना मुलांना तो जरूर दाखवा.

आपल्या घरी काय करता येईल?

थोरांची चरित्रे वाचून नमस्कार करायचा आणि पुस्तक मिटायचे, ही आपली सवय. ताराबाईंच्या बाबतीत तसे करू नये.

रोज दहा मिनिटे मुलाला मराठी गोष्ट सांगा किंवा वाचून दाखवा. वाचायला लावू नका, नुसते ऐकू द्या. मेट्रोत, बसमध्ये आवाजांचे खेळ खेळा. ताटात थोडा रवा किंवा तांदूळ पसरून बोटाने अक्षर काढू द्या. एका आठवड्यात दोन-तीन अक्षरे पुरेत. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नका. घ पक्का झाल्यावर ध. शब्द घरातले घ्या. मूल 'नक्को' म्हणत असेल तर हसू नका, तिथूनच 'नको' या शब्दाकडे घेऊन जा. जोडाक्षरांची घाई नको. आणि मराठी, तेलुगू, इंग्रजी यांपैकी एका लिपीत तरी वाचनाचा आनंद मिळाला की बाकीच्या लिप्यांचा रस्ता सोपा होतो, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट आज आपल्याला ताराबाईंच्या काळापेक्षा अधिक चांगली कळते. काही मुलांना आवाज आणि अक्षर यांची सांगड घालणे मुळातच जड जाते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. अशा मुलांना हेच सारे अधिक सावकाश, अधिक क्रमाने आणि पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. दुसरीच्या अखेरीसही मूल साधे शब्द जुळवू शकत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गशिक्षिकेशी बोला आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्या. लपवू नका. लपवण्यात जी वर्षे जातात ती मुलाची जातात.

आणि पुढच्या पालकसभेला एवढे करा. मूल शेजारी उभे असताना त्याला काय येत नाही याची यादी वाचू नका. ते कुठे अडते, एवढेच आम्हाला सांगा. आपण मिळून एक पायरी खाली उतरू, तिथे ते नक्की भेटेल. मग त्याचा हात धरून वर यायचे काम तुमचे आणि आमचे.